शालिकरामचा तवा

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात, वारासिवनीच्या एका लग्नात, महागू पंगतीत बसला होता. मांडवाच्या बल्लीला बांधलेल्या भोंग्यातून गाणं सुरू झालं आणि वरणभात कालवणारा त्याचा हात थांबला. ढोलकी नव्हती, पेटी नव्हती. विजेवरची गिटार वाजत होती, साहेबलोकांच्या बॅंडातला ढोल वाजत होता, आणि त्यावर एक माणूस आपल्याच बोलीत गात होता. आवाज थोडा फाटका. घाई अजिबात नाही.

"वळखलं का?" शेजारचा म्हणाला. "शालिकराम हाय. तुमच्याच गावचा. नागपुरातून त्याचा तवा निघाला, रेकॉर्ड, मोठा तवा, एकावर दहा गाणे. सारे त्यानंच लिहिले, त्यानंच म्हटले."

महागूनं घास गिळला. 

"त्यानं लिहिले?" तो म्हणाला. "माह्या हाताखाली शिकला तो. गाणे माहे हायत."

बोलून तो पुन्हा जेवू लागला. खरं पाहिलं तर गाणं त्यानं अर्धंही ऐकलं नव्हतं. खाणीतल्या मशीनवर नऊ वर्षं काढून कान जरा जड झाले होते आणि वाढप्यांचा गलकाही होता. पण वाक्य तोंडातून गेलं. पंगत दीडशे माणसांची होती. संध्याकाळच्या बसनं ते वाक्य महागूच्या आधी गावात पोचलं.

गाव वैनगंगेच्या काठी, बालाघाटहून दोन कोसांवर. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा गोंदिया-भंडारा तिकडं मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं. गावाची बोली जागची हलली नाही. कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही, घरात आणि दंडारीत मराठी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, आणि भर दुपारी दंडार उभी राहते. नाच, सोंग, गाणी. दंडारीतलं पहिलं गाणं ज्याचं, त्याला गाव आपला गाणारा मानतं. सोळा वर्षं तो मान महागूचा होता. त्याच्याजवळ जमीन नव्हती, शिक्षण चौथीपर्यंतचं. सांगण्यासारखं त्याच्याकडे हेच होतं.

पोटाचं काम मॅंगनीजच्या खाणीत. सुरुंगाची भोकं पाडायची. सुरुवातीला ती हातानं पाडत. एक जण पोलादी सळई दोन्ही हातांनी धरून बसायचा, दुसरा उभा राहून तिच्या डोक्यावर घण मारायचा. दर घावानंतर धरणाऱ्यानं सळई थोडी फिरवायची. फिरवली नाही तर अडकते, जास्त फिरवली तर भोक वाकडं जातं. सत्तावन्न ते एकसष्ट, चार वर्षं महागूनं घण मारला आणि शालिकरामनं सळई धरली. घण एकदा चुकला असता तर शालिकच्या मनगटाचा चुरा झाला असता. तो चुकला नाही. नव्या गड्यांना घाव कसा घालावा ते दाखवायला मुकादम महागूकडे घेऊन यायचा. घावाला ताल हवा म्हणून महागू गाणं म्हणायचा. शालिक खालून नुसतं "हां" म्हणायचा. या पोराच्या डोक्यात "हां"च्या पुढचं काही चालू असेल, असं महागूला कधी वाटलं नाही. धरणाऱ्याकडे कोण पाहतो?

एकसष्ट साली शालिक नागपूरला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतीचा गडी, म्हणून लागला. तिथं रेल्वेच्या वसाहतीत बॅंडवाली पोरं होती, त्यांच्यात तो गाऊ लागला, एवढं गावाला माहीत होतं. मग खाणीत हवेवर चालणारी मशीन आली. मशीनच्या तालावर गाता येत नाही. महागू घरी गाणी जुळवायचा, वहीत उतरवायचा. चाळीस गाणी झाली होती. प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात नाव. "म्हणे महागू." गाणं कोणाचं याची खूण म्हणून नाव घालायचंच, अशी दंडारीतली रीत आहे.

लग्नाहून आल्यावर बायकोनं विचारलं. शेवंताबाईनं त्याच खाणीत बारा वर्षं डोक्यावरून दगड वाहिले होते.

"अवो, खरंच तुमचे गाणे हायत?"

"नाही तं काय! टोपल्याचं गाणं कोनं केलं? मी केलं. अन् त्याच्या तव्याचं नाव काय हाय? 'टोपलंभर ऊन'. झालं मग."

"टोपलं तं साऱ्या खाणीतल्या बायांजवळ होतं," शेवंताबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

गावानं मात्र लगेच विश्वास ठेवला. लोकांचं महागूवर प्रेम होतं आणि शालिक बारा वर्षांत दोनदा आला होता. उन्हाळाभर माणसं वाटेत थांबवून हळहळायची. चांगल्या माणसालेच लुटते दुनिया, म्हणायची. महागूला ते गोड लागायचं. चार-सहा महिन्यांत आपण काय बोललो आणि खरं काय यातलं अंतर त्यालाच दिसेनासं झालं.

मंडईचा कारभार पुनाराम या म्हाताऱ्याकडे होता. दिवाळीच्या तोंडावर तो महागूच्या ओट्यावर येऊन बसला.

"महागू, गावाची चीज गेली. आता गप बसून चालत नाही. बालाघाटच्या टिकारामचं तवा वाजवाचं मशीन आणू मंडईत. तवा साऱ्याइच्या समोर वाजवू. तू उठून सांगजो, हे गाणं माहं. मंग कंपनीले चिठ्ठी लिहू, सह्या-अंगठे मी घेतो. तव्यावर तुहं नाव आलंच पाह्यजे."

"एवढं काहून करता, काका? जाऊ द्या."

"जाऊ कसं दिऊ? अन् रीत तुले ठाऊक हाय. आळ घेतला तं मंडईतच शाबीत कराचा."

रीत महागूला ठाऊक होती. आळ खरा ठरला नाही तर घेणाऱ्यानं पाण्याचा दंड भरायचा. दिवसभर नदीवरून कावडीनं पाणी आणून साऱ्या मंडईला पाजायचं. आणि त्या वर्षी मान सोडायचा. पहिलं गाणं दुसऱ्याचं.

"हौ," महागू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मंडईला आठ दिवस होते. महागू वही काखेत मारून बालाघाटला गेला. स्टेशनाजवळ टिकारामचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. तो तवा त्यानंच गोंदियाहून आणला होता. बालाघाटच्या बाजारात मराठी तवे मिळत नसत.

"आओ महागूभाऊ! तुम्हारा ही माल है, सुनो आराम से," टिकाराम म्हणाला. बालाघाटात राहून त्याची मराठी निम्मी हिंदी झाली होती.

कव्हरवर शालिकचा फोटो होता. रेल्वेचा खाकी सदरा, बटणं लावलेली, हसू नाही. मागच्या बाजूला वाजवणाऱ्यांची नावं. सामान उचलणाऱ्याचंही नाव. शालिकचं नाव सगळ्यांत बारीक अक्षरात. महागूनं ते बोट ठेवून शोधलं.

टिकारामनं तवा लावला तो जास्त वेगावर. शालिक चिमणीसारखा चिवचिवला. महागूला बरं वाटलं. मग टिकारामनं वेग नीट केला आणि ते बरं वाटणं संपलं.

पहिलं गाणं आईवरचं होतं. महागूनं वही उघडली. त्याचंही आईवरचं गाणं होतं, मंडईत गाजलेलं:

*लक्षुमी माझी माय गं, सोन्याची ती मूर्ती,*
*म्हणे महागू, तिची सांगू किती कीर्ती.*

भोंग्यातून शालिक म्हणत होता:

*टोपलंभर ऊन माह्या मायच्या डोक्यावर,*
*सावली तिची पडे, बाप्पा, दुसऱ्याच्या शेतावर.*

"सुई उचल," महागू म्हणाला. "पुन्हा लाव."

तीनदा ऐकलं. जसं एखाद्यानं पाडलेलं भोक तपासावं तसं ऐकलं. सरळ आहे का? खोली पुरी आहे का? कडा फुटल्या का? कुठं दम लागला म्हणून काम सोडलं का? गाण्यात सोनं नव्हतं, मूर्ती नव्हती, कीर्ती नव्हती. खाणीपासून वर येणारी वाट होती. वाटेच्या कडेला मालगुजार जमीनदाराचं धानाचं शेत होतं. चार वाजता वर येणाऱ्या बायांच्या सावल्या त्या शेतात पडायच्या, हे खरंच होतं. महागू त्या सावल्यांवरून वर्षानुवर्षं चालला होता. त्याची आई काही सोन्याची नव्हती. टोपल्यानं तिची मान एका बाजूला कलली होती आणि मरेपर्यंत ती कललेलीच राहिली. ते त्यानं वहीत कुठंच लिहिलं नव्हतं.

 चोरी सापडली असती तर बरं झालं असतं. वाईट गाणं असतं तर त्याहून बरं. हे तर मेहनतीचं काम होतं. एकेक शब्द ठोकून पाहिलेला, पोकळ निघाला तो फेकलेला. असं किती फेकलं असेल याचा अंदाज दुसऱ्या कोणाला आला नसता. महागूला आला. आणि शेवटच्या कडव्यात "म्हणे शालिक" नव्हतं. कुणाचंच नाव नव्हतं. नाव घालायची त्याला गरजच वाटली नव्हती. हे महागूला सगळ्यात जास्त झोंबलं.

दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक तीनदा. वहीची पानं उलटून उलटून बोटं काळी झाली. एक ओळ जुळली नाही. टिकारामनं दोनदा चहा मागवला. महागूनं दोन्ही कपांना हात लावला नाही.

मग पाचवं लागलं, आणि महागू ताडकन उभा राहिला. ठण्. मग रिकामी जागा. मग शालिकचा "हां". ठण्. रिकामी जागा. "हां". हा घणाचा ताल होता. त्याच्या घणाचा!

"हेच! उचल सुई. हेच माहं!"

"अरे, पूरा तो सुनो भाऊ. अभी तो बोल भी शुरू नहीं हुए."

"पुरे झालं. ताल माहा हाय."

टिकारामनं खांदे उडवले. "ठीक है. ताल बोलो तो ताल. कौन पूछेगा?"

महागूनं आयुष्यात कोणतंही भोक अर्धं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. पाचवं गाणं आणि तव्याची अख्खी दुसरी बाजू न ऐकता तो निघाला. गावापर्यंत पायी गेला. वाटेत मोठ्यानं म्हणून पाहिलं, "पाचवं माहं." पहिल्यांदा आवाज चिरकला. नदीजवळ येईपर्यंत ठाम झाला.

मंडईच्या दिवशी माणसं मावत नव्हती. राजेगावपासून पाहुणे आले होते. टिकारामनं चिंचेच्या झाडाला दोन भोंगे बांधले, मशीन बॅटरीवर लावली. पुनाराम नवा फेटा बांधून खाटेवर उभा राहिला आणि महागूवर कसा अन्याय झाला ते त्यानं सांगितलं. इतकं चांगलं सांगितलं की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. महागू बाजूला उभा होता. धुतलेलं धोतर, कपाळाला गुलाल.

तवा सुरू झाला. आधी खुळखुळे, पिपाण्या, जिलेबीवाल्याचं ओरडणं चालूच होतं. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला पिपाण्या थांबल्या. मग जिलेबीवाला थांबला.

महागूनं बायकांच्या बाजूला पाहिलं. शेवंताबाई तिथं बसली होती. तिचा हात आपसूक डोक्यावर गेला होता, जिथं टोपल्याखाली चुंबळ ठेवायची बरोबर तिथं. डोळे कुठंच पाहत नव्हते. सोळा मंडया महागू गायला होता. त्याच्या गाण्याच्या वेळी शेवंताबाई शेजारणीशी बोलायची, शिंगाडे सोलायची. त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. घरचं माणूस आहे, ऐकलेलंच असतं. आता त्याला कळलं की ऐकणं म्हणजे काय. त्याला वाटलं, आत्ताच ओरडावं, हेही माझं, सगळीच माझी.

दुसरं झालं. तिसरं, चौथं. पाचवं लागलं. ठण्. रिकामी जागा. "हां".

पुनारामनं त्याच्याकडे पाहिलं. महागूनं मान डोलावली. हेच. पुनारामनं हात वर करून लोकांना खूण केली, हेच आहे, नीट ऐका. आता सुई उचलायला टिकाराम जवळ नव्हता, तो भोंग्याची तार धरून झाडाखाली उभा होता. त्यामुळे बोल सुरू झाले आणि महागूनं ते पहिल्यांदा ऐकले, साऱ्या मंडईबरोबर.

*वर तुहा घण, भाऊ, खाली माहा हात,*
*पापनी नाही लवली, मोजले तुहे दात.*

गाणं धरणाऱ्याचं होतं. खाली बसून वर पाहणाऱ्याचं. घण उचलताना वरच्या माणसाचे ओठ मागं जातात, दात दिसतात, वरचे सहा, खालचे चार. दात आवळले की घण येणार. तेवढ्यावरून वेळ ओळखायची. भीती वाटली तरी तोंडानं "हां" म्हणायचं, कारण "हां" नाही म्हटलं तर वरच्याचा ताल तुटेल आणि घण चुकेल. चार वर्षं रोज. गाणं असं चाललं होतं. त्यात मारणाऱ्याला शिवी नव्हती. उलट त्याचा घाव किती नेमका पडायचा, हेच प्रत्येक कडव्यात होतं. महागूवर कुणी कधी असं गायलं नव्हतं. त्यानं स्वतःवरही असं गायलं नव्हतं.

सुई शेवटाला आली. घरघर ऐकू येऊ लागली.

"सांग रे महागू," पुनाराम मोठ्यानं म्हणाला. "हेच ना तुहं?"

लोक वाट पाहत होते. त्यांना "हौ" ऐकायचं होतं. तो म्हणाला असता तर पंधरा मिनिटांत दोनशे अंगठे उमटले असते.

"नाही," महागू म्हणाला.

"काय म्हणाला?"

"यातलं एकही माहं नाही, काका. हे सळई धरणाऱ्याचं हाय. मी घण मारत होतो. माहे दात मले कसे दिसतीन?"

हसण्याचा लोट आला. पुनाराम हसला नाही. त्याच्या नव्या फेट्याची लाज गेली होती.

"मंग आळ काहून घेतला?"

"जळलो म्हणून."

"कवाचा?"

"वारासिवनीच्या लग्नापासून. अजूनही जळूनच राह्यलो," महागू म्हणाला आणि कावड मागितली.

दंड म्हणजे दंड. पहिलं गाणं कटंगीकडून आलेल्या एका पाहुण्याला दिलं. त्यानं बरं म्हटलं, बरंच फक्त. महागू नदीवर गेला. घाट उतरायला चाळीस पायऱ्या, दोन्ही बाजूंचे डबे गळ्यापर्यंत भरलेले. अर्धे भरले असते तरी कोणी विचारलं नसतं. त्यानं अर्धे भरले नाहीत. वाटेत पाणी सांडू दिलं नाही. दंडार आटोपल्यावर लोकांनी पुन्हा तवा लावायला सांगितलं, दोन्ही बाजू, पुन्हा पुन्हा. पाणी पाजत फिरणाऱ्याला कान झाकता येत नाहीत. दुसऱ्या बाजूचं एकही गाणं कच्चं नव्हतं. महागूला तेवढीही सवलत मिळाली नाही.

"काय महागू, हे पानी तरी तुहं हाय ना?" जिलेबीवाल्यानं विचारलं. "का तेही शालिकचं?"

"वैनगंगेचं हाय. पे अन् चूप राय."

सातव्या खेपेला तो बायकांच्या बाजूला आला. शेवंताबाईनं ओंजळ पुढं केली. पाणी पिऊन तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"दात खरंच दिसते तुमचे."

"कवा?"

"भांडता तवा." तिनं पदरानं ओठ पुसले. मग जरा अडखळत म्हणाली, "अवो, ते पहिलं गाणं पुन्हा लावाले सांगा ना. मायचं."

महागू उभाच राहिला. तिनं सोळा वर्षांत त्याला एकही गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं नव्हतं. त्यानं कावड झाडाला टेकवली आणि टिकारामकडे गेला.

"पहिलं लाव."

"फिर से? किसने बोला?"

"माह्या घरून सांगतलं. लाव."

गाणं लागलं. महागू भोंग्याच्या अगदी खाली उभा राहिला, चांगला कान वर करून. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला त्याच्या कपाळावर आठी पडली. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"तिसऱ्या कडव्यात एक शब्द फालतू हाय," तो म्हणाला.

टिकारामनं सुई उचलली. "एकच?"

महागूनं कावड खांद्यावर घेतली. रिकामे डबे एकमेकांवर आपटले.

"एकच," तो म्हणाला आणि घाटाकडे निघाला.